अकराच्या तारा आणि पांढरी पाच

मंडळात नव्याने आलेली मंडळी आमच्या हातात इलेक्ट्रिक गिटार पाहिली की एकमेकांकडे बघतात. डोक्यावर विरळ पांढरे केस, नाकावर वाचायचा चष्मा, अंगात इस्त्रीचा झब्बा आणि गळ्यात लालभडक गिटार, असं ध्यान आरतीनंतरच्या कार्यक्रमात समोर आलं असतं तर आम्हीही बघितलं असतं. त्यातून ही गिटार वाजते ती भावगीताला. "भावगीताला पेटी-तबला पुरे की हो," असं एका काकूंनी तोंडावर सांगितलेलं आहे. खरं आहे त्यांचं. पण या गिटारीच्या तारा बदलण्याच्या भानगडीत आम्हाला आमच्याच घरातली एक गोष्ट उशिरा का होईना समजली, ती वाचकांना सांगावी असं वाटलं. वाद्याचा गंध नसलेल्यांनीही वाचायला हरकत नाही. आम्हालाही फारसा नव्हता.

आम्ही १९९६ साली रास अल खैमाला आलो. दुबईच्या मंडळींच्या लेखी हे गाव म्हणजे "तिकडे वर, डोंगराकडे". ते बरोबरच आहे. अमिरातींतली ही सगळ्यांत उत्तरेची. बाकीच्या सहा २ डिसेंबर १९७१ला एकत्र आल्या आणि ही मागाहून, १० फेब्रुवारी १९७२ला, त्यांच्यात सामील झाली. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला हजर पर्वत आणि त्या डोंगरातल्या चुनखडीवर चालणारे सिमेंटचे कारखाने. अशाच एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात आमची हयात गेली. येताना सौ.ने सामानात दोन साड्या कमी घेतल्या आणि पेटी आणली. तेव्हापासून गणपतीत तिची दोन गाणी ठरलेली: एक अभंग, एक भावगीत. पट्टीही ठरलेली, पांढरी सहा. इतकी ठरलेली, की तबलजी विचारायचेसुद्धा नाहीत, घरूनच तबला त्या सुरात लावून आणायचे.

गिटार चिरंजीवांची. आठवीत असताना हट्ट करून घेतलेली, जुन्या बाजारातली. मागच्या बाजूला स्प्रिंगा आणि पुढे हलणारी घोडी असलेली, त्या प्रसिद्ध १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची. २०१७ साली चिरंजीव कॅनडाला शिकायला गेले आणि गिटार कपाटावर गेली. २०२०च्या कोरोनाच्या दिवसांत घरात बसून बसून भिंतींवरचे डाग पाठ झाले, तेव्हा आम्ही ती खाली काढली आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पोराकडून फोनवर शिकायला लागलो. पोरगा मास्तर म्हणून कडक निघाला. "बाबा, हे रोज पंधरा मिनिटं. एका दिवशी दोन तास नको." हे वाक्य आम्ही त्याला गणिताच्या वेळी सांगत असू. परतफेड झाली.

दोन वर्षांत आम्हाला इतपत आलं, की सौ.च्या गाण्याच्या सुरुवातीचे आणि अंतऱ्यांच्या मधले तुकडे वाजवता यावेत. ते सगळे पांढऱ्या सहात बसवलेले, मोकळ्या तारांचा आधार घेऊन. बोटांना त्या जागा पाठ झाल्या. डोक्याला विचाराल तर काहीच ठाऊक नव्हतं.

२०२३च्या नोव्हेंबरात सौ.चं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, ती साधी होती, आम्ही देवाचे आभार मानले. बोलण्याचा आवाज काही आठवड्यांत पूर्ववत झाला. गाण्याचा मात्र नाही. खालचे सूर येत, मधले येत, पण वरच्या षड्जाच्या अलीकडे आवाज नुसती हवा होऊन जाई. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की त्या ग्रंथीच्या अगदी कडेने एक बारीक नस जाते. स्वरतंतू ताणून वरचा सूर काढणाऱ्या स्नायूला ती चालवते. ती दुखावली तर पूर्ववत व्हायला महिने लागतात, आणि कधी कधी सगळं परत येतही नाही. कुणाची चूक नाही, जागाच तशी अवघड.

इथे आमच्या हातून जे झालं ते कबूल करायला हवं. आम्ही रोज संध्याकाळी कामावरून आलो की म्हणायचो, "आज जरा वरचा सा लावून बघ." ती बिचारी लावून बघायची. नाही लागला की आम्ही म्हणायचो, "काल यापेक्षा बरा होता." आम्हाला वाटायचं आपण धीर देतोय. २०२४च्या जुलैत गणपतीच्या तालमी सुरू झाल्या. पहिल्याच तालमीत अभंगाच्या दुसऱ्या चरणात तिचा आवाज सगळ्यांसमोर फाटला. ती थांबली, पेटीचा भाता बंद केला आणि शांतपणे म्हणाली, "यंदा माझं नाव घालू नका."

हॉलमध्ये कुणी बोलेना. शेवटी आमचे तबलजी, हे मूळचे कोल्हापूरचे, म्हणाले, "वहिनी, एक स्वर खाली घेऊन बघू की. पांढरी पाच. माझा तबला उतरतोय तेवढा." आणि गट्टे ठोकायला लागले सुद्धा. सौ.ने नाइलाजाने पेटीवर बोटं सरकवली. गायली. आवाज पूर्वीपेक्षा खाली होता, जरा जाड होता, पण तिथे तो भरलेला होता. कुठेही फाटला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं.

गिटारवाल्यांची एक अडचण असते. कॅपो नावाचा चिमटा दांडीवर लावून पट्टी चढवता येते, उतरवता येत नाही. कुणी खरा वादक असता तर त्याने बोटांच्या जागा बदलून पांढऱ्या पाचात वाजवलं असतं. आम्हाला महिन्याभरात नव्या जागा येणं शक्य नव्हतं. म्हणून सोपा मार्ग, सहाही तारा एकेक स्वर उतरवायच्या आणि बोटं होती तिथेच ठेवायची.

उतरवल्या. तारा अशा लुळ्या पडल्या, की वाळत घातलेल्या दोरीची आठवण व्हावी. जोराने छेडलं की पडद्यांवर आपटून खरखर, आणि बोट जरा आडवं पडलं की सूर पाव घर वर. तबलजी सभ्य माणूस, म्हणाले, "साहेब, जरा भिजल्यागत वाटतंय."

खरं तर आम्हाला हे आधीच सुचायला हवं होतं, कारण आमचं मूळ गाव मिरज. मिरजेत वाढलेल्या माणसाला तंबोरा म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. तिथल्या तंतुवाद्यांच्या गल्लीतल्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज हत्यारं घडवणारे शिकलगार. एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली गेल्यावर त्यांचं दफनही तिथल्याच दर्ग्यात झालं. त्यांच्यासारख्यांचा वावर असलेल्या गावातल्या कारागिरांचे कान केवढे तयार असतील! २०२४ सालीच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही इथे पेढे वाटले होते.

तर लहानपणी वडिलांबरोबर आम्ही अशाच एका दुकानात गेलेलो आठवतो. एक गायिका आपला तंबोरा घेऊन आल्या होत्या. त्यांना पट्टी उतरवायची होती, वयामुळे. आम्हा पोरांना वाटलं, खुंट्या पिळल्या की झालं. कारागिराने मान हलवली. पुरुषांचा तंबोरा मोठा, त्याच्या तारा जाड. बायकांचा लहान, तारा बारीक. जाड तारा खाली बोलतात, बारीक वर. "पट्टी उतरवायची तर तारा जाड घ्याव्या लागतील," तो म्हणाला, "आणि तारा बदलल्या की जव्हारी परत काढावी लागेल." म्हणजे घोडीचा माथा कानसेने किंचित घासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून, तार नेमकी कुठे टेकते ते पुन्हा बसवायचं. मग त्याने जे सांगितलं ते वडिलांनी घरी आल्यावर दोनदा सांगितलं होतं: "बाई, आज नेऊ नका. लाकडाला नवी ओढ कळायला दोन दिवस लागतात."

पन्नास वर्षांपूर्वी फुकट मिळालेला हा सल्ला आम्ही साफ विसरलो होतो.

एका शनिवारी ई-३११ रस्त्याने शंभर किलोमीटर जाऊन दुबईतल्या एका दुकानातून जाड तारा आणल्या. आतापर्यंत गिटारीला "नऊच्या" तारा होत्या. नऊ म्हणजे सगळ्यांत बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची. आम्ही घेतल्या "अकराच्या". दुकानातल्या मुलाने विचारलं, "अंकल, सेटअपसाठी गिटार ठेवून जाता का? पण दोन आठवडे लागतील." कार्यक्रमाला दिवस थोडे उरलेले. आम्ही ऐटीत म्हणालो, "सिमेंटची भट्टी सांभाळतो आम्ही, गिटारीचं काय घेऊन बसलात!"

घरी येऊन जुन्या तारा काढल्या, नव्या चढवल्या, फोनवरचा ट्यूनर समोर ठेवला आणि त्यात हिरवा दिवा लागेपर्यंत एकेक खुंटी पिळली. पहिली लागली, दुसरी लावली, तोवर पहिली उतरली. तिसरी लावली तर दोन्ही उतरल्या. एकत्र कुटुंबात एकाची समजूत काढावी आणि बाकीचे रुसावेत, तसं तासभर चाललं. शेवटी सहाही हिरव्या झाल्या तेव्हा घोडी मागून फणा काढल्यासारखी उचलली गेली होती, तारा दांडीपासून इतक्या वर, की खालून पेन्सिल सरकावी. बाराव्या पडद्यावर तार दाबली तर बोटाला खाच. मग आम्ही मागचं झाकण उघडून स्प्रिंगांची पकड दोन्ही स्क्रूंनी आवळली, इतकी की स्क्रूच संपले. घोडी जरा बसली, पण दांडी पुढे वाकलेली डोळ्यांना दिसू लागली. सौ. दारातून बघत होती. म्हणाली, "अहो, मोडेल ती."

त्या रात्री आम्ही कागद घेऊन बसलो. हिशेब केल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही. साध्या तारेचा ताण तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नऊची तार अकराची झाली तर जाडी वाढते बावीस टक्के, पण ताण वाढतो जवळजवळ निम्म्याने. सहा तारांचं मिळून पाहिलं तर नऊच्या संचाची एकूण ओढ साधारण ३८-३९ किलो. अकराच्या संचाची, त्याच सुरात, ५३-५४ किलो. वाचकहो, सिमेंटचं एक पोतं ५० किलोचं असतं. आम्ही पोराच्या गिटारीच्या मानेला एक अख्खं पोतं आणि वर थोडी रेती टांगली होती!

रात्री नऊला, म्हणजे तिकडच्या दुपारी एकला, बोटीमवर चिरंजीवांना गाठलं. कॅमेऱ्यात गिटार सगळ्या बाजूंनी दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही ट्यून कशात केलीत?"

"म्हणजे? नेहमीच्या सुरात. हिरवा दिवा लागला की."

"पण आई गाणार कुठे आहे?"

आम्ही गप्प.

"जाड तारा घेतल्या कशासाठी? खाली उतरवायचं म्हणून. आणि तुम्ही त्या परत वरच ओढून बसवल्यात."

सौ. शेजारच्या खोलीत होती. तिने ऐकलं की नाही, आम्ही विचारलं नाही. पण त्या प्रश्नाने आम्हाला जे लागलं ते गिटारीपुरतं नव्हतं. आठ-नऊ महिने आम्ही रोज संध्याकाळी तेच करत होतो. तिचा सूर कुठे बसतो हे न बघता जुन्या खुणेपर्यंत पिळत होतो आणि हिरवा दिवा लागत नाही म्हणून तक्रार करत होतो.

चिरंजीवांनी मग समजूत घातली. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचे टोनी आयोमी, १९६५ साली पत्र्याच्या कारखान्यात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरे असल्यामुळे तार दाबायचा हात तोच. त्यांनी बोटांना टोपणं करून घेतली, हलक्या तारा लावल्या आणि १९७१च्या ध्वनिमुद्रिकेत तर गिटार तीन अर्धस्वर उतरवूनच वाजवली. तो उतरलेला, जड आवाजच पुढे त्यांच्या संगीताची ओळख झाली. उलट टेक्सासचे स्टीव्ही रे व्हॉन चांगल्या जाडजूड तारा लावून अर्धा स्वर उतरवत. "खाली उतरवणं म्हणजे हरणं नाही, बाबा. फक्त उतरवल्यावर बाकीचं सगळं त्या जागेला जुळवून घ्यावं लागतं." अशी वाक्यं हल्लीची मुलं कुठून आणतात कोण जाणे. आम्ही "बरं" म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून रीतसर कामाला लागलो. सगळ्यांत आधी सहाही तारा एकेक स्वर उतरवल्या. सूर एक स्वर खाली गेला की ताण सुमारे एकपंचमांशाने घटतो, म्हणजे ५४ किलोचे झाले ४३. मूळचे ३८-३९. म्हणजे गिटारीवर खरा वाढीव भार उगीच चारेक किलोचा होता! बाकी सगळं आमच्या हट्टाचं वजन. जुन्या बारीक तारा उतरवल्या होत्या तेव्हा ओढ तीसवर आली होती, म्हणून त्या लुळ्या. आता तारा ताठ, सूर खाली. जुळवणी करायची ती ज्या सुरात वाजवायचं त्याच सुरात लावून, हा पहिला नियम.

मग घोडी. आदल्या दिवशी आवळलेले मागचे स्क्रू आता सैल करावे लागले, कारण ओढ कमी होताच घोडी मागे टेकून बसली होती. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा. दोन्ही सारख्या झाल्या की घोडी तरंगते. आम्ही दोन्ही स्क्रू अर्धा अर्धा फेरा देत, प्रत्येक वेळी तारा पुन्हा सुरात लावत, घोडीच्या मागच्या कडेखाली तीन मिलिमीटरची फट आणली. यात एक संध्याकाळ गेली.

दुसरी संध्याकाळ मानेची. गिटारीच्या दांडीच्या पोटात एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी ही युक्ती काढली, १९२३ साली तिचं पेटंट मिळालं. तारा दांडीला पुढे वाकवतात, सळई तिला मागे धरते. दांडी अगदी सरळही नको, तारेला थरथरायला जागा लागते. किंचित खोलगट हवी. हे मोजायचं कसं? पहिल्या पडद्यावर कॅपो लावायचा, शेवटच्या पडद्यावर तार दाबायची आणि सातव्या-आठव्या पडद्याशी तारेखाली किती फट राहते ते बघायचं. पाव मिलिमीटर असावी. चिरंजीव म्हणाले, "त्यासाठी फीलर गेज नावाचं एक हत्यार मिळतं, बाबा." आम्हाला हसू आवरेना. तीस वर्षं आम्ही दुसरं काय वापरलं? कारखान्यातल्या कपलिंगा जुळवताना खिशात असायची ती पात्यांची जुडी! पंचवीस शतांशाचं पातं सरकवलं, ते सैल. चाळीसचं बरोबर बसलं. म्हणजे दांडी अजून जास्त वाकलेली होती.

अॅलन की लावून घड्याळाच्या दिशेने पाव फेरा दिला. फक्त पाव. आणि की खाली ठेवून दिली.

सौ. म्हणाली, "एवढंच?" म्हटलं, "एवढंच. आता उद्या." हे आम्ही भट्टीवर शिकलेलो. सिमेंटची भट्टी म्हणजे लांबच लांब फिरता नळकांडा, तो रोलरांवर तोललेला असतो. तो खाली घसरायला लागला तर रोलर केसाएवढा वळवायचा आणि थांबायचं. परिणाम तासांनी दिसतो. न थांबता दुसऱ्यांदा वळवणाऱ्या नव्या पोरांना आम्ही किती वेळा ओरडलो असू! लाकूड तर लोखंडाहून संथ. त्यातून रास अल खैमाचा ऑगस्ट. बाहेर चाळीसच्या वर पारा आणि समुद्राची दमट हवा, आत एसीचा कोरडेपणा. गिटार बाहेर नेली की दांडी फुगणार, आत आणली की आकसणार. म्हणून चार दिवस ती एकाच खोलीत, एसीच्या झोतापासून लांब ठेवली. दुसऱ्या दिवशी तीसचं पातं बसलं. आणखी थोडासा फेरा, आणखी एक रात्र. तिसऱ्या दिवशी पंचवीस.

राहिल्या दोन गोष्टी. मानेच्या वरच्या टोकाला खाचा असलेली एक पट्टी असते, तिला नट म्हणतात. खाचा बारीक तारांच्या, आता तारा जाड. खुंटी फिरवली की तार खाचेत अडकायची आणि मग एकदम "टिंग" करून सुटायची, सूर भलतीकडे. जाड तिन्ही खाचा बारीक पॉलिश कागद जुन्या तारेला गुंडाळून अगदी हलक्या हाताने रुंद केल्या. रुंद बरं का, खोल नाही. खोल झाली तर ती पट्टी बाद. वर पेन्सिलीचं शिसं चोळलं, तार सरसर फिरायला लागली.

शेवटी प्रत्येक तारेची लांबी. बाराव्या पडद्यावर तार नुसती बोटाने स्पर्शून वाजवली आणि मग तिथेच दाबून वाजवली, तर दोन्ही सूर एकच यायला हवेत. जाड तार दाबली की जास्त ताणते, त्यामुळे दाबलेला सूर वर जात होता. तसं असेल तर घोडीवरचा त्या तारेचा छोटा टेकू मागे सरकवायचा, तार लांब करायची. दाबलेला सूर खाली असेल तर उलट. सहापैकी पाच तारांना असंच मागे घ्यावं लागलं. मिरजेचा तो कारागीर आम्हाला त्या रात्री फार आठवला. त्याच्या हाती कानस, आमच्या हाती स्क्रूड्रायव्हर. काम तेच, जव्हारीचं.

या आठवड्यात घरात एक फरक पडला. संध्याकाळी आम्ही गिटारीत गुंतलेले, त्यामुळे "सा लावून बघ" म्हणायला सवडच नव्हती. चौथ्या दिवशी गिटार जुळली तेव्हा आम्ही मोकळ्या तारा छेडत बसलो होतो. सौ. पोळ्या करत होती. आतून तिचा आवाज आला, गिटारीच्या सुरात, पांढऱ्या पाचात. कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही बेताने भावगीताचा सुरुवातीचा तुकडा धरला. तिने तिथूनच उचलला. पोळी करपली, गाणं पूर्ण झालं.

मग ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आता मला कुणी ओढत नाहीये असं वाटतंय." गिटारीबद्दल म्हणाली की आमच्याबद्दल, हे आम्ही विचारलं नाही. एवढं बत्तीस वर्षांच्या संसारात शिकलो आहोत.

चतुर्थी ७ सप्टेंबर २०२४ला होती. कार्यक्रम पुढच्या शनिवारी. हॉलवर एसी इतका थंड, की आम्ही तासभर आधी जाऊन गिटार पेटीतून काढून ठेवली, तिला हवा कळू दे म्हणून. ऐनवेळी दोन तारा किंचित चढल्या, त्या लावल्या. सौ. निळ्या पैठणीत बसली, पेटी पुढे ओढली, तबलजींनी तिच्याकडे बघून मान हलवली. अभंग झाला, भावगीत झालं. वरचा सूर तिने पूर्वीसारखा लांबवला नाही. टेकला आणि सोडला. कुणाच्या लक्षातही आलं नसेल, पण आम्हाला तेच जास्त आवडलं. कॅनडात दुपारी साडेबाराला चिरंजीव फोनवर ऐकत होते. आमच्या पुढच्या तुकड्यात एक चूक झाली, ती फक्त त्यांना कळली आणि त्यांनी ती लगेच कळवली.

मघाशी सांगितलेल्या काकू प्रसाद घेताना भेटल्या. म्हणाल्या, "गिटार आज गाण्यात मिसळली होती हो. नवी घेतलीत का?" म्हटलं, "नाही, तारा बदलल्या."

आता सौ.चा आवाज थोडा थोडा वर सरकतोय. व्यायाम नेमाने चालू आहेत. परवा चहा घेताना तीच म्हणाली, "अहो, एकदा पांढरी सहा लावून बघू का?"

आम्ही कप खाली ठेवला. म्हटलं, "तुला वाटेल तेव्हा बघ. आणि पाचच बरी वाटली तर पाचच. फक्त गिटारीला दोन दिवस आधी सांग."